कागदाची माटवी
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

गणपती तोंडावर आले. मखर मिळतं, मोदकाचं पीठ मिळतं, मूर्तीही कुणी ना कुणी गावाहून सांभाळून आणतं. अडतं ते माटवीशी. सिंधुदुर्गात माटवी, गोव्यात माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली पट्ट्यांची चौकट आणि तिला बांधलेलं अख्खं रान: नारळ, सुपारीचे घोस, तवशी म्हणजे काकड्या, कवंडळं ही रानफळं, आंब्याचे टाळ म्हणजे डहाळ्या, आणि शेरवड, हरणं, कळलावी ही रानफुलं. भाद्रपदात हे सगळं तिकडे कुंपणापलीकडे उभं असतं. इथे समुद्रापलीकडे, आखाती देशात, आंब्याचा एक टाळ मिळाला तरी नशीब. बाजारातलं प्लॅस्टिकचं तोरण पाच मिनिटांत लागतं, पण त्यात मुलांच्या हाताला काहीच काम नाही. म्हणून आज माटवीच, कागदाची, आणि चार वर्षांच्या पोरापासून सगळ्यांना कामाला लावून.

कात्री हातात घेण्याआधी कागद ओळखायला हवा. बहुतेक घरांत काम इथेच बिघडतं आणि दोष मुलांच्या हाताला मिळतो. लाकडाला जशी रेघ असते तशी कागदालाही असते. कारखान्यात लगदा जाळीवरून धावताना त्यातले तंतू धावण्याच्या दिशेला लागतात. ही दिशा लहान मूलही शोधून काढू शकतं. कागद एकदा उभा फाडायचा, एकदा आडवा. एका बाजूने तो सरळ फाटत जातो, दुसऱ्या बाजूने वेडावाकडा दातरतो. सरळ फाटला ती तंतूंची दिशा. तंतूंच्या दिशेने घडी घातली तर धारदार बसते. आडवी घातली तर जाड कागदाला घडीवर भेगा जातात. छपाईचा ए4 कागद, म्हणजे 210 गुणिले 297 मिलिमीटरचा, बहुधा लांबीच्या दिशेने तंतू असलेला असतो, पण रंगीत कार्डाचा भरवसा धरू नका. प्रत्येक नव्या गठ्ठ्यातला एक कागद फाडून बघा.

आता कवंडळ, कारण माटवीत नजर आधी तिथेच जाते. पिकलं की शेंदरी-लाल, लिंबापेक्षा मोठं, गोल. त्यासाठी 160 ग्रॅमचा, म्हणजे चौरस मीटरला 160 ग्रॅम भरणारा, नारिंगी कागद घ्या. 80 ग्रॅमचा घेतलात तर फळ लटकवल्यावर दोन दिवसांत चेपतं. ए4च्या आखूड बाजूला समांतर दीड सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. एका कागदात 19 पट्ट्या निघतात आणि एका फळाला 6 लागतात, म्हणजे कागदाला तीन फळं आणि एक पट्टी चुकण्यासाठी. आखूड बाजूने कापायचं ते एवढ्यासाठी की अशा पट्टीत तंतू आडवे येतात आणि ती गोल वाकते. लांब बाजूने कापलेली पट्टी ताठ राहते, आणि जबरदस्तीने वाकवली की मध्येच तिला कोपरा येतो. मग कवंडळाचा आकाशकंदील होतो.

प्रत्येक पट्टीची दोन्ही टोकं निमुळती करा, शेवटी 7 मिलिमीटर राहू द्या. हे टाळलं तर वर बारा टोकांचा जाडजूड गठ्ठा जमतो आणि डिंक धरत नाही. मग कागदावर घड्याळाची तबकडी काढा. पहिली पट्टी 12 ते 6, दुसरी 1 ते 7, तिसरी 2 ते 8, अशी सहावी 5 ते 11. सगळ्यांचे मध्य एकावर एक चिकटवा आणि दहा मिनिटं हात लावू नका. मुलांना सगळ्यात कठीण जाते ती ही दहा मिनिटं. ओल्या मध्यावर वरची टोकं ओढली की खालचा सांधा सरकतो आणि फळ लंबगोल होतं. वाळल्यावर जाड सुईने मध्यात भोक पाडून खालून दोरा ओवा, दोऱ्याच्या टोकाला शर्टाचं बटण बांधा. आता टोकं वर घ्यायची ती समोरासमोरची जोडी धरून: आधी 12 आणि 6, मग 3 आणि 9, मग मधल्या. ओळीने 12, 1, 2 करत गेलात तर फळ एका अंगाला कलतं. शेवटी दोरा वरून बाहेर काढायचा. फळाचा व्यास साधारण साडेसहा सेंटिमीटर भरतो. सहा वर्षांखालच्यांना चारच पट्ट्या द्या. फटी दिसतात, पण फळ गोल होतं.

चिकटवायला खळ घरीच करा. मैदा दोन मोठे चमचे, पाणी एक कप. मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळायचं. चार-पाच मिनिटांत पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी झाक मारू लागली की उतरवा. कोरडा मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर गुठळीचा बाहेरचा थर शिजून बंद होतो आणि आत कोरडं पीठ तसंच राहतं. मग कितीही घोटा. जुन्या बांधणीकारांच्या खळीत मोरचूद असायचं. ते विषारी आहे, मुलांच्या कामात अजिबात नको. तुरटीची चिमूट चालते. फ्रिजमध्ये खळ तीन दिवस राहते. आंबूस वास आला की फेकून द्या.

खळ लावायची बोटाने, पातळ, आणि नेहमी जाड कागदाला. पतंगी कागदाला लावली तर तो बोटालाच येतो. कागद ओला झाला की तंतू फुगतात, लांबीला फारसे नाहीत, रुंदीला बरेच. त्यामुळे एकाच अंगाला खळ लागलेला कागद वाळताना गुंडाळतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेची, चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये या कलेसाठी पद्मश्री मिळाली. तुमचं मोठं पान किंवा पाटी वाकडी होत असेल तर हीच युक्ती: मागे तसाच दुसरा कागद, तंतूंची दिशा तीच ठेवून, आणि वर रात्रभर जड पुस्तकं.

कोकणात श्रावण-भाद्रपदात वाळवणाचा वैताग असतो, खळ दोन दोन दिवस ओली आणि वर बुरशी. इथे उलटी तऱ्हा. एसीची हवा इतकी कोरडी की खळ लावून पट्टी जागेवर नेईपर्यंत ती सुकलेली. म्हणून एका वेळी एकच सांधा. आणि लवकर वाळावं म्हणून बाल्कनीत काही ठेवू नका. या दिवसांत किनाऱ्यावरची बाहेरची हवा वेंगुर्ल्यासारखीच दमट असते.

आंब्याची पानं सोपी. हिरवा ए4 लांबीत अर्धा करा आणि रुंदीचे पाच भाग पाडा: साधारण पावणेपंधरा बाय सव्वाचार सेंटिमीटरचे दहा तुकडे. प्रत्येक तुकडा उभा दुमडून अर्धं पान कापायचं, उघडलं की शीर आपोआप मध्ये. इथे तंतू उभेच हवेत, नाहीतर पान कंबरेत मोडून लोंबतं. सगळी पानं गर्द हिरवी करू नका. टाळाच्या शेंड्याची कोवळी पानं तांबूस असतात, पाचांत एक तपकिरी घाला. स्केचपेनने शिरा काढायच्या तर चिकटवून वाळल्यावर, आधी काढल्या की खळीत शाई फुटते.

शेरवडीत लोक हमखास चुकतात. पाच पांढऱ्या पाकळ्यांचं फूल करतात. शेरवडीचं खरं फूल इवलंसं नारिंगी, पाच टोकांचं, आणि त्याच्या पाच निदलांपैकी (फुलाच्या बुडाशी असणाऱ्या पानुल्यांपैकी) एकच वाढून पानासारखं पांढरं होतं. तेव्हा दोन सेंटिमीटरची नारिंगी चांदणी आणि तिच्याखाली सहा सेंटिमीटरचं एकच पांढरं पान. मुलांना हे एकदा सांगितलं की ती दुसऱ्यांच्या चुका काढत फिरतात, त्याला इलाज नाही.

कळलावी क्रेप कागदाची. सहा पाकळ्या, सात बाय एक सेंटिमीटर, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. पिवळा क्रेप घेऊन टोकांना लाल तेलखडू लावा. जलरंग लावलात तर क्रेपच्या सुरकुत्याच विरघळतात. कापताना सुरकुत्या पाकळीला आडव्या आल्या पाहिजेत. मग दोन्ही कडा चिमटीत धरून ओढल्या की लाटा येतात. सुरकुत्या उभ्या असतील तर पाकळी नुसती रुंद होते, कडा सरळच. दोऱ्याने बांधा, खळ नको, क्रेपचा रंग उतरतो. फूल खाली मान घालतं आणि पाकळ्या वर उलटतात, तसं वळवा. खरी कळलावी मुळापासून विषारी, ही मुलांनी निर्धास्त हाताळावी.

सुपाऱ्या सर्वांत लहान मुलांकडे द्या: वर्तमानपत्राचा बोळा, वर नारिंगी पतंगी कागद, खाली पीळ. पंधरा बोळ्यांचा एक घोस. नारळ मात्र कागदाचा करू नका. फुग्यावर थर चढवण्यात तीन दिवस जातात आणि शेवटी तो भोपळाच दिसतो. इथे दुकानात खरा नारळ मिळतो, तो पाटावर ठेवा.

चौकटीला 60 सेंटिमीटरच्या तीन आणि 45च्या चार बांबूच्या पट्ट्या, जिथे छेद जातो तिथे सुतळीची फुली गाठ. बारा गाठी, तेवढ्याच लटकवायच्या जागा. 160 ग्रॅमचा एक ए4 दहा ग्रॅम भरतो, म्हणजे वीस कागदांची माटवी दोनशे ग्रॅम आणि वर चौकट. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायचा नसेल तर सोलून निघणारे चिकट हूक पुरतात, मात्र चार हवेत आणि पाकिटावरचा भार वाचून. बांधताना जड घोस मध्ये, पानं कडेला. एसीच्या झोताखाली टांगलीत तर रात्रीतून सगळे दोरे एकमेकांत गुंतलेले सापडतील.

समईबद्दल कडकपणे सांगायचं आहे. गावच्या माटवीत ओली पानं असतात, ती ज्योतीवर करपतात. कागद पेटतो, आणि क्रेप तर भसकन. समई चौकटीच्या कडेपासून निदान एक मीटर बाहेर. आरती करणाऱ्याने हात पूर्ण वर केला तरी खालचा घोस त्याच्या वर हातभर राहिला पाहिजे, छत बुटकं असेल तर घोस आखूड करा. कापराचं ताट माटवीखाली न्यायचंच नाही. रोषणाईला बॅटरीवरची छोटी दिव्यांची माळ घ्या.

विसर्जनानंतर दोरे, बटणं काढून कागद रद्दीत द्या. पुढच्या वर्षी ठेवायची तर लक्षात असू द्या, खळ हे कसरीचं, म्हणजे कागद खाणाऱ्या किड्याचं, जेवण आहे. कोरड्या डब्यात, झाकण घट्ट, दोन-तीन लवंगा टाकून. तरीही दिवाळीच्या सुमारास एकदा उघडून बघा.

डावीकडच्या टेबलांवर नारिंगी पट्ट्या कापून ठेवल्या आहेत, सहा-सहाच्या जुड्या. कात्र्या बोथट टोकाच्या आहेत, धार मात्र आहे. गजाली नंतर, आधी घड्याळाची तबकडी काढायला घ्या.