प्रतीक्षायादीतील रुग्ण आणि संगीतोपचार

श्रोतेहो, नमस्कार.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला प्रत्यारोपण होईपर्यंत साधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. मृत दात्यांकडून मिळणाऱ्या अवयवांची प्रतीक्षायादी आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे सांभाळतात. मात्र यादीत नाव लागले, तरी आपली पाळी केव्हा येईल, हे कोणीच सांगू शकत नाही. मध्यरात्री फोन आला, तरी लगेच निघावे लागते. जीव असा टांगणीला लागलेला असताना संगीताची जोड मिळावी, असे मला मनापासून वाटते.

संगीताने निकामी मूत्रपिंड पुन्हा काम करू लागत नाही, आणि अमुक आजारावर अमुक राग, अशा दाव्यांवर कोणी विसंबू नये. डायलिसिस चालू असताना आवडीचे संगीत ऐकल्याने रुग्णांची चिंता कमी होते, असे मात्र अनेक अभ्यासांत आढळले आहे. आणि जो रुग्ण सुया टोचण्याच्या विचारानेच घामाघूम होतो, त्याच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही.

प्रशिक्षित संगीतोपचारक आधी रुग्णाचे ऐकून घेतो. कोणाला अभंग हवा असतो, कोणाला लावणी, तर कोणाला काहीच नको असते, आणि तो नकारही मानायचा असतो. घाबरलेल्या माणसाला एकदम संथ आलाप ऐकवत नाहीत. त्याच्या त्या वेळच्या मनःस्थितीशी जुळणाऱ्या लयीपासून आरंभ करून ती हळूहळू उतरवत नेतात. फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ज्यात शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात तो हात, स्थिर ठेवावा लागतो, त्यामुळे ठेका धरायचा तो दुसऱ्या हाताने, आणि तोही मांडीवर बोटांनी, हलकेच. आवाज इतकाच ठेवावा, की यंत्राचा इशारा आणि परिचारिकेची हाक रुग्णाला ऐकू यावी.

घरच्यांनी रुग्णाला विचारून त्याच्या आवडीची गाणी आताच मोबाइलमध्ये भरून ठेवावीत. शस्त्रक्रियेनंतर संसर्गाच्या भीतीने भेटीगाठींवर कडक बंधने असतात, तेव्हा हीच गाणी सोबतीला राहतात. प्रतिकारशक्ती दबवणारी औषधे चालू असल्याने हेडफोन रुग्णाचा स्वतंत्र असावा आणि तो कसा व केव्हा पुसायचा, हे परिचारिकेला विचारून घ्यावे.