कोड ब्लू, कोड रेड आणि रात्रपाळीच्या मावशी: आपलं रुग्णालय आपत्तीसाठी खरंच तयार आहे का?

नमस्कार मंडळी.

रुग्णालयाच्या स्पीकरवर आवाज येतो, "कोड ब्लू, आयसीयू, तिसरा मजला." तेच वाक्य सलग तीनदा. दोन डॉक्टर जिन्याने धावत वर जातात, एक सिस्टर ट्रॉली ढकलत निघते. बाकड्यावर बसलेले नातेवाईक एकमेकांकडे बघतात. त्यांना काही कळत नाही. ते घाबरून आयसीयूच्या दाराशी गर्दी करू नयेत, म्हणूनच ही कोडची पद्धत आहे.

आज या कोडबद्दल बोलायचंय. मी नर्स आहे, नाशिकमध्येच काम केलंय, आणि आता नव्याने भरती होणाऱ्या मुला-मुलींना आपत्कालीन प्रशिक्षण देते. रुग्णालयात काम करणारे म्हटलं की डॉक्टर आणि सिस्टर एवढेच डोळ्यांपुढे येतात. पण मी मामा, मावशी, सिक्युरिटी, लिफ्टमन, ऑक्सिजनचा टेक्निशियन आणि बिलिंग काउंटरवरची मुलं, सगळ्यांना धरून बोलतेय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कोडची यादी आयकार्डच्या मागे छापली म्हणजे तयारी झाली, असं मी मानत नाही. रात्री अडीच वाजता वॉर्डात एक सिस्टर आणि एक मावशी असतात. काही घडलं तर पहिल्या मिनिटात त्या दोघी काय करतात, त्यावर त्या रुग्णालयाची तयारी ठरते.

(पडद्यावर: कोड ब्लू)

कोड ब्लू म्हणजे कुणाचं तरी हृदय किंवा श्वास बंद पडलाय. ज्याने रुग्णाला पहिल्यांदा पाहिलं, त्याने रुग्णाला सोडून जायचं नाही. तिथूनच हाक मारायची आणि छाती दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. दुसऱ्याने फोन करायचा. तिसऱ्याने क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची ट्रॉली, आणि डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, आणायचं. फोनवर आधी जागा सांगायची: मजला, वॉर्ड, बेड. "लवकर या, पेशंट सिरीयस आहे" एवढं ओरडून फोन ठेवला, तर ऑपरेटर बिचारा टीमला पाठवणार कुठे?

मावशींनी छाती दाबायची का, असा प्रश्न मला प्रत्येक वर्गात येतो. हो, दाबायची. ज्या रुग्णाच्या हृदयाला शॉकची गरज आहे, त्याची वाचण्याची शक्यता सीपीआर, म्हणजे हे छाती दाबणं, न मिळता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. डॉक्टर खालच्या मजल्यावरून येईपर्यंत हातावर हात ठेवून थांबणं त्या रुग्णाला परवडत नाही. हे कौशल्य एका दुपारी शिकता येतं. मावशी ते फार छान शिकतात, मी स्वतः शिकवलंय.

बाकीचे कोड भराभर सांगते. कोड पिंक म्हणजे बाळ किंवा लहान मूल बेपत्ता. यात सगळी मदार सिक्युरिटीवर असते: सगळी दारं बंद, पार्किंगचं फाटकसुद्धा, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची मोठी पिशवी तपासायची. मारहाण किंवा हिंसा झाली तर बऱ्याच ठिकाणी कोड पर्पल म्हणतात, काही ठिकाणी ग्रे, काही ठिकाणी व्हाइट. बॉम्बची धमकी आली तर बहुतेक ठिकाणी ब्लॅक. रसायन सांडलं तर कुठे ऑरेंज, कुठे ब्राउन. बाहेर मोठा अपघात होऊन एकदम खूप जखमी येणार असतील तर आपल्याकडे बऱ्याच रुग्णालयांत यलो. कॅनडात त्यालाच ऑरेंज म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात ब्राउन.

गोंधळ लक्षात आला ना? ब्लू आणि रेड सोडले तर रंगांचे अर्थ जागोजागी बदलतात. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयात गोळीबार झाला, तेव्हा चुकीचा कोड पुकारला गेला. तीन माणसं मारली गेली. त्यानंतर तिथल्या रुग्णालयांच्या संघटनेने सगळ्यांसाठी एकसारखे कोड ठरवले. अमेरिकेत आता काही ठिकाणी रंग बाजूला ठेवून सरळ शब्दांत घोषणा करतात: काय झालं, कुठे झालं, काय करायचं.

आता आपल्या नाशिकमध्ये बघा. कंत्राटी सिक्युरिटी आज गंगापूर रोडच्या रुग्णालयात असतो, पुढच्या महिन्यात एजन्सी त्याला मुंबई नाक्याला पाठवते. सिस्टर नाशिकरोडची नोकरी सोडून इंदिरानगरला लागते. जुन्या ठिकाणचा पर्पल नव्या ठिकाणी ग्रे असतो. शहरातल्या रुग्णालयांनी एकत्र बसून एकच यादी ठरवावी, असं मला मनापासून वाटतं. त्याला नवी इमारत लागत नाही की यंत्रसामग्री लागत नाही, फक्त सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायला हवं.

(पडद्यावर: कोड रेड)

आता आग. इथे मी जरा थांबणार आहे, कारण २०२१ हे वर्ष महाराष्ट्राने विसरता कामा नये. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला रात्री आग लागली, दहा बाळं गेली. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात आयसीयूला आग लागली. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात पुन्हा आयसीयू, अकरा रुग्ण गेले. या तिन्ही ठिकाणी आत अशी माणसं होती, ज्यांना स्वतःहून उठून पळता येत नव्हतं.

म्हणून रुग्णालयातली आग ही ऑफिसातल्या आगीसारखी हाताळता येत नाही. "सगळे खाली मैदानात जमा" हा नियम आयसीयूला लागू पडत नाही. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला तीन मजले जिन्याने उतरवायला किती वेळ आणि किती हात लागतील, विचार करा. म्हणून आधी आडवं सरकायचं: त्याच मजल्यावर, अग्निरोधक दाराच्या पलीकडच्या भागात. बेड ढकलता आला तर बेडसकट, नाहीतर चादरीत किंवा गादीत गुंडाळून ओढत. ते दार मागे बंद करायचं. खाली उतरवायचं ते नंतर, गरज पडली तर आणि अग्निशमन दल सांगेल तसं.

क्रम असा: आधी धोक्यातल्या माणसाला बाजूला काढा, मग इशारा द्या, मग दारं-खिडक्या बंद करून आग आणि धूर अडवा, आणि आग अगदी छोटी असेल तरच आग विझवायचा सिलिंडर उचला. विजेच्या उपकरणावर पाणी मारायचं नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वापरायचा. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. बहुतेक जण नळी ज्वाळेच्या वरच्या टोकाकडे धरतात आणि सिलिंडर काही सेकंदांत संपून जातो.

आणि ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह. प्रत्येक आयसीयूबाहेर भिंतीवर एक पेटी असते, त्यात त्या भागाचा पुरवठा बंद करणारा व्हॉल्व्ह असतो. आग लागली तर तो बंद करावा लागतो, कारण ऑक्सिजन आगीला प्रचंड बळ देतो. पण तो बंद केला की आतल्या रुग्णांचा श्वास तुमच्या हातात. मग तो कोणी बंद करायचा? बहुतेक ठिकाणी प्रमुख सिस्टर किंवा ड्युटीवरचा डॉक्टर, रुग्णांची दुसरी सोय झाल्याची खात्री करून. हे आधी ठरलेलं आणि लिहिलेलं हवं. मी पाहिलेल्या एका रुग्णालयात, नाव घेत नाही, त्या पेटीसमोर औषधांचे खोके रचून ठेवले होते.

नाशिकमध्ये ऑक्सिजनबद्दल बोलताना २१ एप्रिल २०२१ ला वळसा घालून पुढे जाता येत नाही. महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय, तेव्हा पूर्णपणे कोविडसाठी राखीव. टाकीपाशी गळती सुरू झाली, आवारात पांढरं धुकं पसरलं, वॉर्डांत जाणाऱ्या ऑक्सिजनचा दाब पडला. त्या दिवशी २२ रुग्ण गेले. रुग्णालयाला आग लागली नव्हती, कोणाचं हृदय आपणहून बंद पडलं नव्हतं. म्हणजे नेहमीच्या यादीतला कोणताही रंग त्या प्रसंगाला चपखल बसत नव्हता.

ते पांढरं धुकं काय असतं, तेही सांगते. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो. एक लीटर द्रवाचा साधारण ८६० लीटर वायू होतो. तो बाहेर पडला की हवेतली वाफ गोठते आणि ढग दिसतो. त्या ढगात ठिणगी तर सोडाच, मोबाइल घेऊनही जायचं नाही. गळती थांबवायला योग्य हातमोजे आणि चेहऱ्याची ढाल असलेला, शिकलेला माणूसच लागतो.

वरच्या मजल्यावरच्या सिस्टरला मात्र टाकी दिसत नाही. तिला मॉनिटरचा अलार्म ऐकू येतो आणि आकडे घसरताना दिसतात. म्हणून प्रत्येक रुग्णालयाने गॅस पुरवठा बंद पडण्यासाठी वेगळा कोड ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. तो पुकारला की व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णाजवळ एक माणूस अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, घेऊन उभा. अंबू बॅग प्रत्येक बेडला एक, कपाटात कुलूपबंद एक नाही. मजल्यावर भरलेले सिलिंडर, रेग्युलेटर लावलेले, चावी साखळीने बांधलेली. आणि कोणत्या रुग्णाला आधी, हे ठरवणारा एकच डॉक्टर. अंबू बॅग दाबायला मावशी चालतात, मामा चालतात, शिकवलेला सिक्युरिटीवालाही चालतो. त्यांना आजच शिकवा.

(पडद्यावर: कोड यलो)

आता बाहेरून येणारी आपत्ती. ८ ऑक्टोबर २०२२, पहाटेची वेळ, औरंगाबाद रोडवर खासगी बस पेटली, बारा प्रवासी गेले. पहाटे म्हणजे रात्रपाळी थकलेली, सकाळपाळी अजून घरी. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थाची पर्वणी, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी, तीसहून अधिक भाविक गेले. आणि २०२७ मध्ये पुन्हा सिंहस्थ आहे.

अशा वेळी कॅज्युअल्टीत पहिले कोण पोहोचतात माहितीये? ज्यांना कमी लागलंय ते. ते चालत येतात, मिळेल ती रिक्षा पकडून येतात आणि सगळे बेड अडवतात. गंभीर जखमी मागून १०८ ने येतात, तेव्हा त्यांना जागा नसते. म्हणून कोणाला आधी उपचार, याची रंगांप्रमाणे वर्गवारी दाराबाहेर करायची, आत नाही. चालता येतंय तो हिरवा, त्याला ओपीडीच्या बाजूला न्या. श्वासाचा मार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तो काळा. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त, किंवा मनगटाची नाडी लागत नाही, किंवा "माझा हात दाबा" म्हटल्यावर दाबत नाही, तो लाल, त्याला आधी आत. उरलेले पिवळे. एका माणसाला साधारण अर्धा मिनिट, त्याहून जास्त नाही. हे रंग रुग्णाच्या मनगटावर बांधायच्या पट्टीचे आहेत. स्पीकरवरच्या कोडशी त्यांचा काही संबंध नाही, हे नव्या मुलांना मी पुन्हा पुन्हा सांगते.

नाशिकची आणखी एक अडचण आहे, आणि ती बाहेरून आणलेल्या छापील आराखड्यात सापडणार नाही. आपलं शहर गोदावरीच्या दोन्ही काठांवर आहे. पर्वणीला रस्ते वाहनांसाठी बंद होतात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडायला लागली की काठचे रस्ते आणि छोटे पूल गेले. तुमच्या रुग्णालयाची बोलावण्याची यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे लिहा: हा माणूस पंचवटीकडचा की अलीकडचा? सिडको, सातपूर, नाशिकरोड, कुठून येणार, चालत येऊ शकेल का? भूलतज्ज्ञ सगळे एकाच काठावर राहत असतील, तर ते आत्ताच कळलेलं बरं. पर्वणीच्या आदल्या रात्री काही जणांची रुग्णालयातच राहायची सोय करावी लागेल. त्यांच्या जेवणाची आणि झोपायच्या जागेचीही.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक, नातेवाईकांसाठी वेगळी जागा आणि तिथे एकच माणूस, ज्याच्याकडे नावांची यादी आहे. तो नसेल तर सगळे नातेवाईक कॅज्युअल्टीत घुसतात, आणि त्यांचा काही दोष नसतो. दुसरी, फोन. मोठ्या गर्दीत मोबाइल लागत नाही. वॉकीटॉकी ठेवा, तेही जमत नसेल तर निरोप घेऊन धावणारी चार मुलं नेमून ठेवा.

मॉक ड्रिलबद्दल. एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारी संस्था, तिच्या निकषांप्रमाणे ती वर्षातून किमान दोनदा व्हायला हवी. बऱ्याच ठिकाणी होतेही: सकाळी अकराला, आधी सर्क्युलर काढून, फोटोसकट. माझी विनंती आहे, त्यातली एक तरी रात्री घ्या, किंवा पाळी बदलताना घ्या, आणि कंत्राटी माणसांना धरून घ्या. त्यानंतर पंधरा मिनिटं सगळ्यांना एकत्र बसवा आणि आधी मावशींना बोलू द्या. लिफ्टची चावी कोणाकडे होती, जिन्याचं दार कुठे अडकलं, हे त्यांनीच पाहिलेलं असतं. त्यात कोणाला मेमो द्यायचा नाही. दिला, तर पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही.

रुग्णासोबत येणाऱ्यांना आता थोडक्यात. कोड ब्लू ऐकला तर लिफ्ट आणि कॉरिडॉर मोकळा करा. कोड पिंक असेल तर दारात थांबवलं म्हणून चिडू नका, पिशवी उघडून दाखवा. आग असेल तर लिफ्ट वापरू नका, धूर असेल तर खाली वाकून चाला, आणि आपल्या रुग्णाची नळी किंवा सिलिंडर सिस्टरना विचारल्याशिवाय काढू नका. भरती झाल्या दिवशी जिना कुठे आहे ते एकदा चालून बघा, आणि त्याचं दार कुलूपबंद दिसलं तर तिथल्या तिथे व्यवस्थापकाला विचारा. तुम्ही विचारलेलं त्यांना टाळता येत नाही, आमच्या सिस्टरने विचारलेलं कधीकधी टाळलं जातं.

पुढच्या व्हिडिओत अंबू बॅग हातात घेऊन दाखवणार आहे: किती दाबायची, मास्क चेहऱ्यावर कसा धरायचा आणि पोटात हवा जातेय हे कसं ओळखायचं. तुमच्या वॉर्डातल्या मावशींना आणि मामांना बघायला बोलवा. व्हिडिओ त्यांच्यासाठीच करतेय.