नवजात ताऱ्यांचे झोत आणि त्यांतल्या गाठी

मित्रहो, पडद्यावरचं हे चित्र हबल दुर्बिणीने टिपलंय. वृषभ तारकासमूहातलं, एचएच ३० नावाचं. एचएच म्हणजे हर्बिग-हारो, असे झोत ज्यांच्या नावाने ओळखले जातात ते दोघे. यात तारा शोधू नका, सापडणार नाही. मधला काळा पट्टा म्हणजे त्याच्याभोवतीची वायू आणि धुळीची तबकडी. ती आपल्याला अगदी कडेने दिसते आणि तारा तिच्या आड गेलाय. पट्ट्याला काटकोनात निघालेली बारीक रेघ म्हणजे वायूचा झोत. ही रेघ सलग नाही. तिच्यात जागोजागी गाठी आहेत आणि मला आज बोलायचंय ते या गाठींबद्दल.

१९५० च्या आसपास जॉर्ज हर्बिग आणि गिलेर्मो हारो या खगोलशास्त्रज्ञांना मृग तारकासमूहात काही विचित्र उजळ ठिपके दिसले. दोघांचं काम स्वतंत्र होतं. हे ठिपके म्हणजे नुकतेच जन्मलेले तारे असावेत, असंही काहींना वाटलं. पण १९७५ मध्ये रिचर्ड श्वार्ट्झ यांनी दाखवलं, की यांचा वर्णपट ताऱ्यांसारखा नाहीच. वायू वायूवर आदळून तापला, की जो प्रकाश येतो, तो हा. मग १९८१ मध्ये हर्बिग आणि बर्टन जोन्स यांनी जुन्या-नव्या छायाचित्रांवर एचएच १ आणि एचएच २ यांच्या जागा मोजल्या. दोघेही सरकत होते, आणि तेही एकमेकांच्या विरुद्ध दिशेने! म्हणजे त्यांना फेकणारं कुणीतरी दोघांच्या मध्ये होतं. मला हे मोजमाप या विषयातलं सर्वांत सुंदर काम वाटतं.

वेग किती? अनेक झोतांत सेकंदाला १०० ते ३०० किलोमीटर. ३०० धरला, तर वायू वर्षभरात सुमारे ९५० कोटी किलोमीटर जातो. सूर्य ते नेपच्यून अंतराच्या दुपटीहून जास्त. तरी मृगातल्या झोतांइतक्या, म्हणजे १३०० प्रकाशवर्षांवरून पाहताना हे सरकणं वर्षाला जेमतेम ०.१६ कोनीय सेकंद भरतं. कोनीय सेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. हबलने तेच झोत चौदाएक वर्षांच्या अंतराने टिपले, तेव्हा पॅट्रिक हार्टिगन आणि सहकाऱ्यांना त्या चित्रांची चलचित्रं करता आली. त्यांत गाठी पुढे जाताना, उजळताना, विझताना दिसतात.

गाठी का होतात? तबकडीतला वायू ताऱ्यावर एकसारखा पडत नाही. कधी जास्त, कधी कमी. त्यातला थोडा भाग फिरत्या चुंबकीय क्षेत्रात सापडून अक्षाच्या दिशेने बाहेर फेकला जातो, आणि ताऱ्यावर पडणारा वायू कमी-जास्त झाला, की झोताचा वेगही बदलतो. आधी मंद वायू सुटला आणि मागून वेगवान, तर एकाच रस्त्यावरच्या गाड्यांसारखं मागचं पुढच्याला गाठतं. तिथे आघात तरंग तयार होतो, वायू दाबला जातो, तापतो, आणि आपल्याला गाठ दिसते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. गाठ ३०० च्या वेगाने धावत असली, तरी धडक ३०० ची नसते. पुढच्या-मागच्या वायूच्या वेगांतला फरक पुष्कळदा सेकंदाला तीस-चाळीस किलोमीटरच असतो आणि वायू किती तापणार, हे तो फरक ठरवतो. झोताचं टोक मात्र आजूबाजूच्या वायूवर आदळतं. तिथे धनुष्याच्या आकाराची कमान उमटते.

ययाती तारकासमूहातल्या एचएच २११ मध्ये हे स्पष्ट दिसतं. तिथला आदितारा, म्हणजे अजून घडत असलेला तारा, अगदी बाल्यावस्थेत आहे. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये त्याची अवरक्त छबी दिली. आतल्या भागात वायूचा वेग सेकंदाला ८० ते १०० किलोमीटर आहे, पण वेगांतला फरक त्याहून बराच कमी. इतक्या सौम्य धडकेत रेणू फुटत नाहीत. त्यामुळे तिथे हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, सिलिकॉन मोनॉक्साइड यांचे रेणू शाबूत सापडतात.

धुळीआड दडलेल्या ताऱ्यावर पूर्वी वायू कधी जोमाने पडला, हे थेट पाहायची सोय नाही. गाठीवरून अंदाज बांधता येतो. ती ताऱ्यापासून एक प्रकाशवर्ष दूर असेल आणि वेग ३०० असेल, तर तो वायू साधारण १००० वर्षांपूर्वी निघाला. साधारण म्हणतो, कारण गाठ निघतानाच गाठ नव्हती. मागच्या वायूने पुढच्याला वाटेत गाठलं तेव्हा ती झाली, आणि म्हणून हिशोबात दोन्हींचे वेग धरावे लागतात.