टोपणाखालचं लोणी

(दृश्य: रत्नागिरी, ऑगस्टमधली सकाळ. गॅरेजच्या पत्र्यावर पाऊस कोसळतोय. एक हात इंजिन ऑइलचं टोपण फिरवून काढतो.)

टोपण उलटं केलं आणि गुरुजींचा चेहरा उतरला. आतल्या बाजूला पिवळसर पांढरा थर, ताज्या लोण्यासारखा. बोटावर घेतला तर बुळबुळीत. कालच एका ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं होतं, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल." (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग; तो आणि खालचा भाग यांच्यामधला गळती रोखणारा थर म्हणजे हेड गॅस्केट.) पेन्शनीत भागवणाऱ्या माणसाला रात्रभर झोप लागली नाही.

मेस्त्री थर बघतात आणि विचारतात, "गुरुजी, गाडी जाते कुठे?"

"मारुती मंदिराहून मांडवीला, नि परत. ह्या पावसात आणखी कुठे जाणार?"

अर्धं निदान इथेच झालं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, लिटरमागे जवळजवळ एक लिटर. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खाली ऑइलच्या बाजूला उतरते. इंजिन चांगलं तापलं की ती पुन्हा बाहेर खेचली जाते. पण तीन-चार किलोमीटरांत काटा वर चढला, तरी तो कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा. ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. वरचं टोपण तर गारच. वाफ तिथे थिजते, ऑइलशी घुसळली जाते आणि लोणी धरतं. ज्या दिवसांत डब्यातलं मीठ पाझरतं, काडेपेटी सादळते, त्या दिवसांत तर हमखास.

पण हाच थर गॅस्केट गेल्यावरही दिसतो. म्हणून "पावसाळ्यात होतंच" म्हणून सोडून देणं मला अजिबात पटत नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल ऑइलमध्ये शिरलं तर ऑइलचा वंगणपणा जातो आणि बेअरिंग खाल्ली जातात. मग काम गॅस्केटवर थांबत नाही, क्रँकपर्यंत, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यापर्यंत जातं.

(दृश्य: डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, पुसून पुन्हा आत जाते, बाहेर येते. कॅमेरा टोकावर.)

मेस्त्रींचा भर टोपणावर नाही, डिपस्टिकवर. टोपण वरची वाफ दाखवतं, डिपस्टिक खाली साठलेलं ऑइल. इथे ऑइल तपकिरी आहे, स्वच्छ आहे. दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसलं असतं, किंवा पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असती, तर गाडी सुरूसुद्धा करायची नव्हती.

मग दोनच थेंब तापलेल्या पत्र्यावर. ऑइलमध्ये पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं. इथे थेंब पसरले, थोडा धूर आला, आवाज नाही.

आता कूलंटची टाकी. इंजिन पूर्ण गार असतानाच झाकण उघडायचं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आत तेलाचा तवंग नाही. पंपाने साधारण एक बार दाब भरला, पंधरा मिनिटं काटा हलला नाही. मग इंजिन सुरू करून टाकीच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी धरली. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येत असेल तर हा निळा रंग पिवळा पडतो. तो निळाच राहिला. तेवढ्यावर मेस्त्री थांबले नाहीत, कारण गळती ऑइल कूलरमध्ये, म्हणजे कूलंटने ऑइल गार करणाऱ्या भागात असेल तर निळा रंग बदलत नाही. इंजिन गार झाल्यावर त्यांनी टाकीवर कूलंटच्या पातळीला मार्करने रेघ मारली.

"टोपण पुसून देतो. ब्रीदरची नळी, आतली वाफ बाहेर जाते ती, साफ केलीय. आठवडाभर रोज पालीपर्यंत जाऊन या. नि रेघ बघायची ती सकाळी, गाडी गार असताना."

(दृश्य: हातखंब्याच्या पुढे ओला रस्ता, वायपर, दोन्ही बाजूंना हिरवं रान.)

आठ दिवसांनी गुरुजी परत येतात. टोपणाच्या कडेला जेमतेम एक ओलसर पिवळी रेघ उरलीय. टाकीतलं कूलंट मार्करच्या रेघेला चिकटून आहे, केसभरही खाली नाही. मेस्त्री ऑइल आणि फिल्टर तेवढा बदलतात. पावसाळाभर ओल प्यायलेलं ऑइल त्यांना ठेववत नाही.

"आणि हेड?" गुरुजी हळूच विचारतात.

"त्याला हात नाय लावायचा, गुरुजी."