एक पायरी खाली

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या लग्नाला 19 वर्षं झाली, पण ह्यांना उंचीची भीती वाटते हे मला कळलं गेल्या डिसेंबरात, कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर. तोवर गच्चीवरची टाकी बघायला दर वेळी प्लंबरच का बोलवावा लागतो, जत्रेत पाळण्यापाशी पोचलं की ह्यांना नेमका फोन का येतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

कळसूबाई म्हणजे आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट वर जाते. आधी शेतं, मग पायऱ्या, आणि कडा अगदीच उभा होतो तिथे शिड्या. नवरात्रातल्या जत्रेला माणसं याच वाटेने देवीला जातात. आपणही चौघांनी जाऊ या, हा हट्ट माझा. तयारी म्हणून दीड महिना रोज संध्याकाळी आम्ही सोसायटीचे सात मजले चढलो, पाठीवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन. लिफ्टमधून जाणारे हसायचे.

सासूबाई बारीतच एका घरी थांबल्या. आम्ही तिघं निघालो. सगळ्यात हळू चालणारा पुढे, असा डोंगरात फिरणाऱ्यांचा नियम असतो. म्हणजे मी पुढे. घरात आपण बरोबर उलटं करतो, नाही का? ज्याला झटपट जमतं तो पुढे जातो आणि वळून मागच्यावर खेकसतो.

दुसऱ्या शिडीवर हे मधेच थांबले. गज इतका घट्ट धरलेला की बोटांची पेरं पांढरी पडली होती. खाली रांग खोळंबलेली. मी वरून म्हटलं, “अहो, काही होत नाही!” आता वाटतं, याहून निरुपयोगी वाक्य नसेल. त्यांना होत होतं की!

“आई, तू गप्प बस,” आमचा नववीतला मुलगा म्हणाला. तो बाबांच्या बरोबर एक पायरी खाली येऊन उभा राहिला. “बाबा, खाली बघितलंत तर मीच दिसेन.” आणि मग हळूच, “मला वर्गात उभं राहून वाचायला सांगतात ना, तेव्हा अस्संच होतं.”

त्याच्या प्रगतिपुस्तकात तीन वर्षं ‘वाचन सुधारावे’ असा शेरा येत होता. आम्ही सही करून परत पाठवत होतो.

माथ्यावर देवीचं छोटं मंदिर आहे. तिथून भंडारदऱ्याचं पाणी दिसतं, अलंग, मदन, कुलंग हे किल्ले दिसतात. म्हणजे आम्हा दोघांना दिसले. हे मंदिराच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. पण वर होते!

माझं एवढंच म्हणणं आहे श्रोतेहो, घरातल्या प्रत्येकाची एकेक शिडी असते आणि ती त्याने लपवलेली असते. ती विचारा. ढकलू मात्र नका. गुडघ्याचं, छातीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि नवख्यांना घेऊन भर पावसात असल्या वाटेला जाऊ नका.

घरी आल्यावर मुलाची पाळी. रोज जेवताना तो वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचतो. मधे कोणी चूक सुधारायची नाही, अशी त्याची अट. शिड्या मला सोप्या गेल्या; ही अट पाळताना मात्र जीभ चावून बसावं लागतं.

अटींची सवय घरात लावली ती खरं तर सासूबाईंनी. बारीत त्यांना देवीची कथा ऐकायला मिळाली होती. कळसू नावाची मुलगी केर आणि भांडी करणार नाही या अटीवर कामाला राहिली, अट मोडली तशी डोंगरावर निघून गेली. “बरं केलं,” सासूबाई गाडीत दोनदा म्हणाल्या. आणि मग, “मलाही एक करायचंय. पेन्शन मशीनमधून मी स्वतः काढणार. बटणाला कोणी हात लावायचा नाही.”

पहिल्या दोन खेपांना पिन चुकला. मागे लोक चुळबुळत होते. ह्यांचा हात पुढे गेला, तर त्यावर फटका बसला. तिसऱ्या खेपेला पाचशेची नोट आली. नोट त्यांनी नातवाला दिली आणि पावती देव्हाऱ्यात करंड्याखाली ठेवली. शाई पुसट झाली की नवी काढून आणते, म्हणतात.