समुद्राचा फुगवटा

[दृश्य: वरून दिसणारा अथांग निळा समुद्र]

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. उपग्रहाला समुद्राच्या पोटातलं दिसत नाही. अवरक्त कॅमेरा तापमान मोजतो ते केसाहून पातळ थराचं. रडारच्या लहरी तर पृष्ठभागावर आपटून माघारीच फिरतात.

तरी खालची खबर वर येते. पाण्याच्या उंचीतून.

पाणी तापलं की फुगतं. गरम पाण्याचा थर जिथे जाड, तिथे समुद्र आसपासपेक्षा वीतभर, कुठे हातभर उंच. पण हा चढ शेकडो किलोमीटरवर पसरलेला, बोटीतून जाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. १९९२ साली सोडलेला टोपेक्स-पोसायडन उपग्रह १,३३६ किलोमीटरवरून, त्याच माघारी फिरणाऱ्या रडारच्या लहरींवरून, तो टिपायचा. भरती-ओहोटी, हवेतलं बाष्प, हवेचा दाब, सगळं वजा करून. खरं कसब त्या वजाबाकीतच.

[दृश्य: मेक्सिकोच्या आखाताचे दोन नकाशे]

ऑगस्ट २००५, कतरिना वादळ. तापमानाच्या नकाशावर जवळपास सगळं आखात एकाच रंगाचं, ३० अंशांच्या आसपास. उंचीच्या नकाशावर मात्र लूप करंट हा उबदार प्रवाह ठसठशीत. एरवी वादळ समुद्र घुसळतं, खालचं गार पाणी वर येतं आणि वादळाचाच जोर ओसरतो. इथे कितीही घुसळा, वर गरमच! त्या पट्ट्यावरून जाताना कतरिना पाचव्या, म्हणजे सर्वात तीव्र श्रेणीत पोचलं.

पण उंची हा एकच आकडा. तेवढा फुगवटा उथळ पण कडक तापलेल्या थरानेही येतो, खोल पण कोमट थरानेही. शिवाय क्षार कमी असले तरी पाणी हलकं होऊन उंचावतं. मग ठरवायचं कसं?

[दृश्य: लाटांत डुचमळणारा फ्लोट]

ही उभी नळी आणि तिच्या डोक्यावरची अँटेना म्हणजे आर्गो फ्लोट. हजार मीटरवर वाहत राहायचं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरायचं, मग तापमान आणि क्षारता मोजत वर यायचं. असे सुमारे चार हजार फ्लोट जगभर आहेत. कोणत्या उंचीखाली कसं पाणी असतं, हे संगणकाची प्रारूपं त्यांच्या नोंदींवरून शिकतात आणि दोन फ्लोटांमधल्या मोकळ्या समुद्राचा अंदाज बांधतात. जसजसं खोल जावं तसा अंदाज डळमळतो.

ग्रीक पुराणातल्या जेसन या वीराच्या जहाजाचं नाव आर्गो. टोपेक्सनंतरच्या उपग्रहाचं नाव जेसन, ते काही योगायोगाने नाही.

फ्लोटने आकडे पाठवले. आता त्याच्या बाहेरच्या पिशवीतलं तेल आत ओढलं जातंय, म्हणजे तो आकसून खाली जाईल. अँटेना बुडाली.