२१५ आणि २६५ : एका रकान्यात न बसणारे आकडे

मंडळी, मर्सिडीज-बेंझची ३०० एसएल गुलविंग आणि जॅग्वारची ई-टाइप यांची तुलना असा आजचा विषय जाहीर झाला आहे, आणि ती मी करणारच आहे. पण या गाड्यांच्या तक्त्यांत वर्षानुवर्षे जी चूक उतरवली जाते, तिच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. गुलविंगसमोर २१५ अश्वशक्ती लिहिलेली असते, ई-टाइपसमोर २६५, आणि वाचणारा पन्नासाचा फरक पाहून निकाल लावून मोकळा होतो. हे दोन आकडे एका मापाने मोजलेलेच नाहीत. गुलविंगचे २१५ ज्या जर्मन डीआयएन पद्धतीने मोजले, तिच्यात एअर फिल्टर, पंखा, डायनामो, सायलेन्सर असा सगळा सरंजाम जोडून, म्हणजे गाडीत असते त्या स्थितीत, इंजिन मोजतात. जॅग्वारचे २६५ हे ‘एसएई ग्रॉस’ या अमेरिकी पद्धतीचे माप आहे, ज्यात यातले बरेचसे ओझे उतरवून इंजिन टेस्ट बेंचवर चालवले जाई. त्यामुळे तो पन्नासाचा फरक रस्त्यावर तेवढा उरत नाही.

वेगाच्या आकड्याचीही हीच कथा आहे. मार्च १९६१मध्ये जिनिव्हात ई-टाइप प्रथम दाखवली गेली, तेव्हा तिच्यातून फेरी मारण्यासाठी पत्रकारांची एवढी झुंबड उडाली की जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांनी कव्हेंट्रीच्या कारखान्याला निरोप धाडला, आणि कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस ७७ आरडब्ल्यू ही उघडी गाडी घेऊन, इंग्लिश खाडी ओलांडून, रातोरात फ्रान्समधून धावत सकाळी जिनिव्हात हजर झाले. ही धाव मला फार प्रिय आहे, कारण कारखान्यातून निघून थेट प्रदर्शनात पोहोचलेल्या गाडीचा तो खरा पुरावा आहे. ताशी १५० मैलांचा, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटरचा, गाजलेला आकडा मात्र ९६०० एचपी या बंद गाडीने नोंदवला. (एचपी ही नोंदणीची अक्षरे, तेवढी अश्वशक्ती कोणत्याच मापाने भरत नाही!) ती गाडी चाचणीसाठी निगुतीने तयार केलेली होती, आणि साध्या ग्राहकाच्या ई-टाइपला तो वेग गाठणे जड जाई. गुलविंगचा कमाल वेग कुठे २३५ तर कुठे २६० छापलेला दिसतो. मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर (इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी) कोणते, हे न सांगता दिलेला असा आकडा अर्धाच असतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ तुलना आता भराभर मांडतो. १९५४च्या गुलविंगचे सहा सिलिंडरांचे २,९९६ सीसीचे इंजिन बॉशच्या यांत्रिक पंपाने पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारत असे. १९६१च्या जॅग्वारचे ३,७८१ सीसीचे इंजिन तीन एसयू कार्ब्युरेटरांवर चाले. माझ्या मते इंजिनात मर्सिडीज निःसंशय पुढे होती. तिची खोडही तिथेच होती : स्विच बंद केल्यावर इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडतच राही, आणि ते न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचा तेलाचा थर धुऊन खाली तेलात मिसळे.

वळणावर आणि ब्रेकवर मात्र पारडे फिरते. गुलविंगला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मागे स्विंग ॲक्सल, म्हणजे चाकासह वर-खाली झुलणारा अर्धा-अर्धा ॲक्सल; वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागची चाके आत वळून गाडीची शेपूट बाहेर जाई. १९५७च्या रोडस्टरमध्ये, म्हणजे ३०० एसएलच्या उघड्या आवृत्तीत, हा ॲक्सल सुधारला, डिस्क ब्रेक १९६१मध्ये आले. ई-टाइपला पहिल्या दिवसापासून चारही डिस्क आणि स्वतंत्र मागचे सस्पेन्शन होते. गुलविंग १,४०० बनल्या, ई-टाइप १९७४पर्यंत बहात्तर हजारांवर.

शेवटी १९६४ची ई-टाइप पाहा. इंजिन ४,२३५ सीसीचे झाले, टॉर्क वाढला, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर खरखर न होता बदलू देणारी योजना) मिळाला, ब्रेक आणि सीटही सुधारल्या; माहितीपत्रकात मात्र अश्वशक्ती तीच राहिली, २६५.